फाटेपर्यंत चालवा!

खंडेनवमीच्या दिवशी एमआयडीसीतल्या कुठल्याही रासायनिक कारखान्यात चक्कर टाका. पंपांना हळदकुंकू वाहिलेलं असतं, झेंडूची माळ चढवलेली असते, समोर नारळ फुटलेला असतो आणि प्लांट मॅनेजर हात जोडून फोटोत उभे असतात. त्याच पंपाखालचं आम्लाने खाऊन टाकलेलं काँक्रीट फोटोत येत नाही. हवेच्या नळीच्या सांध्यावर करकचून बांधलेली चिंधीही येत नाही. वर्षभर ज्याला कुणी पाना लावला नाही, त्याला एक दिवस फूल लावलं की देखभाल झाली. पुढे तो पंप फुटला की 'अचानक बिघाड' असा अहवाल लिहायचा, फिटरला मेमो द्यायचा आणि पुढच्या खंडेनवमीच्या तयारीला लागायचं.

मी आयुष्य मेंटेनन्समध्ये काढलं. या काळात अचानक फाटलेला डायफ्रॅम मला कुणी दाखवलेला नाही. फाटायची तयारी महिनोन्‌महिने चाललेली असते. ती सगळ्यांच्या कानावर येत असते, नाकाला जाणवत असते, कधी कधी लॉगबुकातही लिहिलेली असते. फक्त ज्याच्या सहीने स्पेअर येतात त्याला ती दिसत नाही.

मी बोलतोय तो हवेवर चालणाऱ्या दुहेरी डायफ्रॅमच्या पंपाबद्दल. १९५५ साली अमेरिकेत जिम विल्डन यांनी तो बनवला. आज लोटे-परशुरामपासून तारापूरपर्यंत आणि महाडपासून कुरकुंभपर्यंत तो नसलेला रासायनिक कारखाना शोधून काढावा लागेल. रचना शाळकरी पोरालाही कळेल अशी. मधोमध हवेचा व्हॉल्व्ह. दोन्ही अंगांना एकेक कप्पा, प्रत्येक कप्प्यात रबराचा किंवा टेफ्लॉनचा पडदा, म्हणजेच डायफ्रॅम, आणि दोन्ही पडदे एकाच दांड्याच्या दोन टोकांना जखडलेले. हवा एका पडद्यामागे शिरली की तो पुढे सरकून समोरचं द्रव ढकलतो. त्याच वेळी दांड्याबरोबर दुसरा पडदा मागे ओढला जातो आणि त्याच्या कप्प्यात नवं द्रव भरतं. मग हवा बाजू बदलते. द्रव आल्या वाटेने मागे फिरू नये म्हणून प्रत्येक कप्प्याला खाली एक आणि वर एक, असे एकूण चार बॉल, आपापल्या सीटवर बसलेले. संपली रचना. मोटर नाही, कपलिंग नाही, फिरत्या शाफ्टचं सील नाही.

विकणारा सांगतो, हा कोरडा चालला तरी जळत नाही. पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तरी मोडत नाही, दाब सारखा झाला की गुपचूप थांबून राहतो. गाळ चालतो, चिकट माल चालतो, आम्ल चालतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि याच खऱ्या वाक्यांनी या पंपाचं वाटोळं केलं. सोसणाऱ्या सुनेला घरात जे मिळतं तेच याला कारखान्यात मिळतं. मोटर जळली तर धूर निघतो, दहा माणसं धावतात. हा बिचारा लंगडत का होईना, चालत राहतो. मग चालतंय ना, चालू दे.

आता लंगडणं म्हणजे काय ते सांगतो. आधी बॉल जातो. गाळातली कचखडी त्याला घासते, सीटवर चर पडते, किंवा द्रव रबराला चढतं आणि बॉल फुगतो. मग तो सीटवर नीट बसत नाही. ढकललेल्या मालातला काही भाग प्रत्येक फेरीत मागे सरकतो. पंपाचा खटखटाट वाढतो आणि पुढे माल कमी जातो. टाकी भरायला वेळ लागतो. कान असलेला फिटर दारातूनच सांगतो, "साहेब, बॉल गेलेत, उघडायला लागेल." साहेब म्हणतात, "बॅच निघू दे. तोवर हवा वाढव."

हवा वाढव! या दोन शब्दांनी जेवढे डायफ्रॅम मारले, तेवढे आम्लांनी मारले नसतील. रेग्युलेटर पिळला की पंप आणखी जोरात धडकतो. बॉल गळतोय तो गळतोच, पण आता पडद्यावर दाब जास्त आणि मिनिटाला वाकणं जास्त. मिनिटाला साठ फेरे धरले तरी दिवसाला ८६,४०० होतात आणि महिन्याला जवळपास २६ लाख. तितक्या वेळा तो पडदा एकाच वर्तुळावर, दांड्याच्या तबकडीच्या कडेपाशी दुमडतो. चिरतो तोही तिथेच. म्हणजे चार बॉल आणि चार सीट वेळेवर बदलायचा खर्च वाचवला आणि त्यापायी दोन डायफ्रॅम, वाकलेला दांडा आणि आम्लाने भरलेला हवेचा व्हॉल्व्ह असा अख्खा पंप घालवला. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, ही म्हण ज्याने रचली तो नक्कीच कुठल्यातरी वाड्यात कारभारी असला पाहिजे. आज तो पर्चेसमध्ये शोभला असता.

एका कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया विभागात फिल्टर प्रेसला स्लज देणारा असाच पंप मी पाहिला. शेजारी भिंतीवर प्लास्टिकच्या पाकिटात देखभालीचा तक्ता. दर महिन्याच्या चौकोनात एकाच निळ्या पेनाची बरोबरची खूण. बॉल तपासले, बरोबर. डायफ्रॅम तपासला, बरोबर. बोल्ट आवळले, बरोबर. पंपाच्या बोल्टांवरचा रंग मात्र कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा, पान्याचा एक ओरखडा नाही. उघडल्याशिवाय डायफ्रॅम कसा तपासला, असं विचारल्यावर इनचार्ज म्हणाले, "ऑडिटला तक्ता लागतो हो." ऑडिटरनेही तो तक्ताच तपासला. पंप पाहायला बूट घालावे लागतात आणि तिथे वास येतो.

दर सहा महिन्यांनी सगळे पंप उघडा, असा फतवा काढणारेही तितकेच आळशी. एक पंप चोवीस तास गरम कॉस्टिक ओढतोय, दुसरा आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करतोय, आणि दोघांना एकच तारीख. डायफ्रॅमला कॅलेंडर कळत नाही. त्याला फेरे कळतात, तापमान कळतं, दाब कळतो, आणि समोर कोणतं रसायन आहे ते कळतं. फेरे मोजणारा काउंटर बाजारात मिळतो, हवेच्या व्हॉल्व्हला जोडता येतो. तो कितीशा कारखान्यांत जोडलेला दिसतो, ते तुम्हीच पाहून या. मोबाइलवर रोज किती पावलं चाललो ते मोजणारे साहेब पंपाचे फेरे मोजायला तयार नाहीत.

आता पर्चेस. फिटरने इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, लिहिलं, 'दोन इंची पंपाचा डायफ्रॅम, व्हायटॉन.' पर्चेसने तीन कोटेशनं मागवली, सगळ्यात स्वस्त असलेल्या एल-वनला ऑर्डर गेली आणि आला काळा गोल तुकडा. काळा तर काळा. नायट्राइल काळं, निओप्रीन काळं, ईपीडीएम काळं आणि पुष्कळदा व्हायटॉनही काळंच. म्हणून तर चांगले उत्पादक त्यावर रंगीत ठिपका देतात. डुप्लिकेटवर ठिपका नसतो, आणि असला तरी तो रंगवायला किती खर्च येतो? नायट्राइल तेलात ठणठणीत राहतं, पण ॲसिटोनमध्ये फुगून मऊ होतं. ईपीडीएम कॉस्टिकला आणि ॲसिटोनला उभं राहतं, टोल्युइनमध्ये आणि तेलात मान टाकतं. व्हायटॉन टोल्युइन सोसतं, ॲसिटोन आणि एमईके, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन, सोसत नाही. म्हणजे 'सगळ्यात भारी तेच आणा' म्हणणाराही फसतो. टेफ्लॉन जवळपास सगळं सोसतं, पण ते रबरासारखं वाकायला तयार नसतं, म्हणून त्याच्या पाठीशी रबराचा दुसरा पडदा द्यावा लागतो. काटकसर करणारे तो पाठचा पडदा जुनाच ठेवतात. शिवाय दाबाखाली टेफ्लॉन हळूहळू सरकतं. पंप जोडल्यावर काही तासांनी बोल्ट पुन्हा मापात आवळायचे असतात. आमच्याकडे माप म्हणजे पान्याच्या दांडीत घातलेला हातभर पाइप आणि वर लटकणारा हेल्पर. टॉर्क रेंच स्टोअरच्या कपाटात, कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि स्टोअरकीपर सुट्टीवर.

यातला काही भाग निव्वळ पैशाच्या नासाडीचा आहे, तो मी एक वेळ सोडून देतो. पण टोल्युइनसाठी साधा पॉलिप्रॉपिलीनचा पंप घेणं ही नासाडी नव्हे. ते प्लास्टिक वीज वाहत नाही, त्याला अर्थिंगची तार लावून काही उपयोग नाही आणि वाहत्या विद्रावकात स्थिर वीज साठते. ॲल्युमिनियमच्या बॉडीत एमडीसी, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड, फिरवणं हे तर त्याहून पुढचं. ॲल्युमिनियम आणि क्लोरीनयुक्त विद्रावकं यांची बंद पंपात गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो, हा इशारा पंपाच्या पुस्तिकेत छापलेला असतो. पुस्तिका कुठे असते? पंपाच्या खोक्यात. खोकं कुठे असतं? भंगारवाल्याकडे.

हिशेबाच्या वहीतली मौज अजून सांगायची राहिली. हवेच्या व्हॉल्व्हचं स्पूल, म्हणजे हवेची बाजू बदलणारा सरकता भाग, झिजलं, ओ-रिंगा कडक झाल्या की पंप थांबलेला असतानाही हवा बाहेर सोडणाऱ्या मफलरमधून हवा सूं-सूं करत जात राहते. दाबलेली हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग वस्तूंपैकी एक. कंप्रेसरला दिलेल्या विजेचा बराचसा भाग उष्णतेतच जातो, हातात थोडं उरतं. ते थोडंही आपण रात्रंदिवस वाऱ्यावर सोडतो. पण हा खर्च विजेच्या बिलात मिसळतो. त्याला मेंटेनन्सचं नाव लागत नाही, म्हणून तो कुणाचाच नाही. ओ-रिंगचं किट मात्र मेंटेनन्सच्या बजेटात दिसतं, म्हणून ते 'पुढच्या तिमाहीत बघू'. काही ठिकाणी याच्या उलट उत्साह असतो. विनातेलाचा म्हणून विकलेल्या व्हॉल्व्हमध्ये हाताला लागेल ते तेल ओततात, रबर फुगतं, स्पूल चिकटतं आणि मग पंपाच्या डोक्यात हातोडी. हातोडीने तो सुरू होतो. त्यामुळे हातोडी अधिकृत हत्यार झालेली आहे. पंपावर पडलेले पोचे मोजा, म्हणजे त्याची किती वेळा 'सर्व्हिस' झाली ते कळेल.

डायफ्रॅम फाटला की द्रव हवेच्या कप्प्यात शिरतं आणि मफलरमधून बाहेर पडतं. हे ज्याला माहीत आहे तो मफलर काढून तिथे पाइप जोडतो आणि त्याचं तोंड सुरक्षित जागी नेतो. टाकी पंपापेक्षा उंचावर असेल तर तो पाइप टाकीतल्या पातळीच्याही वर न्यायचा असतो. नाहीतर पडदा फाटला की अख्खी टाकी त्या भोकातून जमिनीवर येते. हे रहस्य नाही, कुणालाही कळेल. तरी मफलरचं तोंड माणसाच्या चालण्याच्या वाटेकडे, आणि कधी कधी नेमकं तोंडाच्या उंचीला. हायड्रोक्लोरिक ॲसिडचे तुषार हवेच्या दाबाने अंगावर आले तर काय होतं, हे ठेकेदाराच्या माणसाला विचारा. साहेबाला विचारू नका. त्या वेळी ते ४ मार्चच्या सुरक्षा दिनाची शपथ वाचत असतात.

ठेकेदाराचा माणूस! सगळ्या गोष्टीचा शेवट त्याच्यावर. हा पंप बंद केला म्हणजे रिकामा होत नाही. बॉल सीटवर बसलेले असतात, त्यांच्यावर माल अडकून राहतो, आणि हवा तोडली तरी पुढच्या लाइनमधला दाब तसाच राहू शकतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप आणि टॅग लावायचा, मग दाब सोडायचा, आत पाणी फिरवायचं, आम्ल असेल तर उदासीन करायचं, पंप उलटा करून निथळायचा, आणि मगच वरच्या मॅनिफोल्डच्या बोल्टला हात लावायचा. याला शिफ्टमधला बराच वेळ लागतो. तो वेळ दिला जात नाही. पंप तसाच, आतल्या मालासकट, टेम्पोत टाकून नाक्यावरच्या वर्कशॉपला पाठवला जातो. आत काय होतं ते सांगणारी चिठ्ठी सोबत नसते. तिथला वीस वर्षांचा पोरगा चप्पल घालून, उघड्या हातांनी तो उघडतो. कारखान्याच्या अपघातमुक्त दिवसांच्या फलकावर मात्र आकडा वाढतच राहतो, कारण पोरगा कारखान्याच्या कुंपणाबाहेर भाजला. गेटवर लावलेला असला फलक पाहिला की मला मळमळतं.

कुणी म्हणेल, एका पंपाच्या व्हॉल्व्हसाठी केवढा आरडाओरडा! मग ६ जुलै १९८८ ची रात्र ऐका. स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर अल्फा हा तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म. कंडेन्सेट, म्हणजे वायूतून वेगळं झालेलं हलकं द्रव, पुढे ढकलणारे दोन पंप, ए आणि बी. ए पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह नेहमीच्या तपासणीसाठी काढला होता. संध्याकाळपर्यंत तो परत बसला नाही. उघड्या तोंडाला आंधळी फ्लँज लावून काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. त्याच पंपाच्या मोठ्या देखभालीचा परवाना वेगळा होता आणि व्हॉल्व्हचा वेगळा. रात्रपाळीला व्हॉल्व्हची गोष्ट पोचलीच नाही. व्हॉल्व्हची जागाही पंपापासून दूर, नजरेआड. पावणेदहाच्या सुमारास बी पंप बंद पडला, काही केल्या चालू होईना. ए पंपाची देखभाल अजून सुरूच झालेली नाही, असं समजून रात्रपाळीवाल्यांनी तो चालू केला. फ्लँजमधून वायू सुटला. दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. १६७ माणसं मेली. आग विझवणारे पंप आपोआप चालू होणार नाहीत अशा स्थितीत ठेवले होते, कारण पाण्यात पाणबुडे काम करत होते. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० साली आला, त्यात १०६ शिफारशी होत्या. त्यांतल्या वर्क परमिटच्या शिफारशी आज जगभरच्या कारखान्यांत छापील स्वरूपात आहेत. आमच्याकडेही आहेत. आमच्याकडे परमिटवर सकाळीच दिवसभराच्या सह्या मारून ठेवतात.

आणि दूर कशाला जायचं? भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात वायुगळती झाली तेव्हा विषारी वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर बंद होता, कारण त्याच्याकडे जाणाऱ्या नळीचा गंजलेला तुकडा काढला होता आणि नवा बसायचा होता. टाकी थंड ठेवणारं यंत्र आधीच बंद केलेलं होतं. नळीचा तुकडा! इंडेंट, कोटेशन, मंजुरी, पुढच्या तिमाहीत बघू.

या सगळ्यावर मॅनेजमेंटचं एक ठरलेलं उत्तर असतं, आणि ते वरकरणी शहाणपणाचं आहे. ते म्हणतात, स्वस्त यंत्र फाटेपर्यंत चालवावं, शेजारी एक जादा पंप ठेवावा आणि बदलून टाकावा. हेही एक मान्य तंत्र आहे, पुस्तकात आहे. बरोबर! पावसाचं पाणी उपसणारा पंप खुशाल फाटेपर्यंत चालवा, मी टाळ्या वाजवीन. आम्ल, विद्रावक, विष ओढणाऱ्या पंपाला हे तंत्र लावणारा माणूस यंत्राची किंमत धरतो आणि यंत्रातल्या मालाची सोडून देतो. आणि तो 'शेजारचा जादा पंप' पाहिलाय का तुम्ही? त्याचे बॉल पहिल्या पंपाने खाल्लेले असतात, मफलर तिसऱ्याने नेलेला असतो. सांगाडा उभा असतो, ऑडिटच्या यादीत 'स्टँडबाय' म्हणून.

महाराष्ट्राला पंपांचा अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिची गोष्ट आपण पोरांना सांगतो. यंत्र बनवणाऱ्याला आपण चरित्रात बसवलं. यंत्र टिकवणाऱ्याला बाकड्यावरही बसवत नाही. आयटीआय झालेला फिटर ठेकेदाराकडे राबतो, अकरा महिन्यांनी त्याचा गेटपास बदलतो, आणि पंपाचा आवाज ओळखणारा कान त्याच्याबरोबर गेटबाहेर जातो. नव्याला पहिल्या दिवशी जुना डायफ्रॅम हातात देऊन हवेची बाजू कोणती आणि द्रवाची कोणती हे दाखवायलाही कुणी नसतं, खरं तर ती त्याच्यावर छापलेली असते. मग डायफ्रॅम उलटा बसतो, दोन दिवसांत जातो, आणि मेमो? फिटरला! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपली परंपरा जुनी आहे, पण निदान ती पगारी कर्मचाऱ्यांना तरी देत होते. आता रोजंदारीवाल्याला देतात.

तेव्हा कारखान्याच्या मालकांना आणि प्लांट मॅनेजरांना सरळ सांगतो. पुढच्या वेळी 'अचानक बिघाड' असा अहवाल टेबलावर आला तर सही करू नका. स्टोअरची शेवटची इश्यू स्लिप मागवा, कोणता डायफ्रॅम कधी दिला ते तिच्यावर असेल. फाटलेला डायफ्रॅम धुऊन समोर आणायला सांगा, तो कुठे चिरला, फुगलाय की घासलाय, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग उठून पंपापाशी जा आणि रेग्युलेटरवर किती दाब लावलाय ते वाचा, आणि तो कुणी वाढवायला सांगितला ते विचारा. हे सगळं झाल्यावरही मेमो द्यावासा वाटला तर जरूर द्या. फक्त त्यावर नाव लिहिण्याआधी इंडेंट किती दिवस कुणाच्या टेबलावर पडून होतं, ती तारीख बघून घ्या.